सुई टोचलेल्या सिस्टरने रात्री जायचे कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस सुरू झाल्यापासून तापाच्या साथीच्या बातम्या आपल्या दैनिकात रोज वाचते आहे. लेप्टो, डेंग्यू, भरलेले वॉर्ड, कमी पडणाऱ्या खाटा, सगळे छापून येते. त्या खाटांपाशी रात्रभर उभ्या राहणाऱ्या मुलींच्या जिवाबद्दल मात्र कुठे ओळ सापडत नाही. मी रत्नागिरी जिल्ह्यात परिचारिका म्हणून नोकरी करून निवृत्त झाले आहे, म्हणून हे लिहिते.

आधी एक समज दूर करते. लेप्टोच्या वॉर्डात ड्युटी लागली की घरची माणसे धास्तावतात. सासू म्हणते, मागीलदारी आंघोळ कर नि मगच घरात ये. पण लेप्टो सहसा माणसाकडून माणसाला होत नाही. उंदराच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यात, चिखलात काम करताना तो पायाच्या जखमेतून शिरतो. दोडामार्ग-बांद्याकडचा माकडतापही गोचीड चावून येतो, रुग्णाच्या अंगाला हात लावून येत नाही. सिस्टरला खरा धोका आहे तो तिच्या हातातल्या सुईचा आणि वॉर्डातल्या कोंडलेल्या हवेचा.

हवेचे पहिल्यांदा सांगते. कोकणात जून ते सप्टेंबर झड आत येते म्हणून वॉर्डाच्या खिडक्या बंदच असतात. त्याच खोलीत महिनाभर खोकणारा, थुंकी अजून तपासायला न गेलेला रुग्ण असतो. टीबीचे जंतू हवेतून पसरतात आणि कापडी किंवा साधा सर्जिकल मास्क त्यांना पुरेसा अडवत नाही, त्याला एन-९५ लागतो. खोकणाऱ्या रुग्णाला कोपऱ्यातली खाट, त्याच्या तोंडाला मास्क, चालू स्थितीतला एक्झॉस्ट पंखा आणि झड अडवील अशी खिडकीवर पुढे काढलेली पत्र्याची झाप, एवढ्याने बराच फरक पडेल. हा काही कोट्यवधींचा खर्च नव्हे.

सुईचे प्रकरण जास्त गंभीर आहे, कारण ते झाकले जाते. तापाने बरळणारा रुग्ण हात झटकतो, लाईट गेलेली असते, वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावताना ती बोटात जाते. टोपण लावायचेच नसते, सुई तिथल्या तिथे हब कटरने कापून पांढऱ्या, न फुटणाऱ्या डब्यात टाकायची असते. पण कटर वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला आणि सिस्टर एकटी असेल तर तिने काय करावे? मग ती सुई ट्रेमध्ये राहते, तिथून कचऱ्याच्या पिशवीत जाते आणि सकाळी झाडू मारणाऱ्या मावशीच्या तळहातात घुसते. मावशी तर कुणाला सांगतही नाही.

एचआयव्हीच्या रुग्णाची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता हजारात सुमारे तीन. हिपॅटायटिस बी, म्हणजे रक्तातून पसरणारी कावीळ, असलेल्या रुग्णाची सुई लस न घेतलेल्या सिस्टरला टोचली तर त्या काविळीची लागण होण्याची शक्यता शंभरात ६ ते ३० इतकी जाते. आपल्याकडे भीती सगळी एचआयव्हीची, आणि ज्या रोगावर खात्रीची लस आहे त्याकडे दुर्लक्ष. शून्य, एक आणि सहा महिने असे तीन डोस. शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी रक्तातली प्रतिकारशक्ती तपासली की काम झाले. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत रुग्णालयांनी आपल्या कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यावी असे स्पष्ट म्हटले आहे. तालुक्याच्या गावातल्या छोट्या नर्सिंग होममध्ये तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्या मुलींना विचारून पाहा, तीनही डोस पुरे झालेल्या किती निघतात. त्यांतल्या कित्येक जणी कुठलासा सहा महिन्यांचा कोर्स करून आलेल्या असतात आणि अशी लस असते हेच त्यांना कुणी सांगितलेले नसते.

आमच्या ओळखीतल्या एका मुलीला अशाच एका खासगी रुग्णालयात रात्रपाळीत सलाईन काढताना सुई टोचली. तिला सांगण्यात आले, स्पिरिट लाव, काही होत नाही. रजिस्टरला नोंद नाही, रुग्णाचे रक्त तपासलेले नाही, आणि ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्याकडे येईपर्यंत रुग्ण घरीसुद्धा गेला होता. तिच्या अंगावर तान्हे मूल होते. बाळाला पाजू की नको, एवढेच ती पुन्हा पुन्हा विचारत होती. पुढे तपासण्या निर्धोक आल्या, पण मधले महिने तिने नवऱ्यालाही कळू न देता काढले. मला त्या रुग्णालयाचा आजही राग येतो.

सुई टोचली तर जखम पिळायची नाही, साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायची आणि लगेच डॉक्टरला सांगायचे. एचआयव्हीचा संभव असेल तर प्रतिबंधक गोळ्या शक्यतो दोन तासांत सुरू व्हाव्या लागतात. ७२ तास उलटले की उपयोग नाही, आणि त्या २८ दिवस घ्यायच्या असतात. आता मंडणगडच्या मुलीला रात्री दोन वाजता सुई टोचली तर रत्नागिरी गाठायला तिला तीन तासांहून जास्त लागतील, तेही गाडी मिळाली तर. एसटी पहाटेशिवाय नाही. गोळ्या जवळच्या ग्रामीण रुग्णालयात ठेवलेल्या असल्या तरी रात्री त्या कपाटाची किल्ली ड्युटीवरच्या माणसाकडे हवी ना!

एचआयव्ही-एड्स प्रतिबंध कायदा २०१७ चा आहे. कामावर असा संसर्गाचा धोका असलेल्या सर्वांना संरक्षक साधने, प्रशिक्षण आणि या गोळ्या पुरवण्याची जबाबदारी त्याने संस्थेवर टाकली आहे. खासगी नर्सिंग होमही त्यात येते. तरी मुली गप्प बसतात, कारण नोंद केली की 'तुझाच हलगर्जीपणा' हे ऐकावे लागते आणि गावात बातमी फुटली तर ठरलेले लग्न मोडते. नोंद गुप्त राहील आणि नोकरीवर गदा येणार नाही, हे रुग्णालयाने लेखी दिल्याशिवाय कुणीही पुढे येणार नाही.

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगडच्या जिल्हा शल्यचिकित्सकांना माझी विनंती आहे. प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात या गोळ्यांचे पहिले काही दिवसांचे डोस अपघात विभागातच ठेवावेत, रात्रपाळीच्या डॉक्टरच्या ताब्यात द्यावेत, आणि खासगी रुग्णालयातली सिस्टर किंवा मावशी आली तरी कागद न मागता द्यावेत. कुठे जायचे आणि कुणाला फोन करायचा, याचा फलक प्रत्येक नर्सिंग होमच्या ड्युटीरूममध्ये लावायला लावावा. डॉक्टरांच्या तालुका संघटनांनी आपापल्या सिस्टर आणि मावशांच्या लसीचा पहिला डोस याच महिन्यात द्यावा. गणपतीला चाकरमानी आले की दवाखान्यांत पाय ठेवायला जागा नसते, त्याआधी एवढे नक्की होऊ शकते.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
ता. दापोली, जि. रत्नागिरी