मशेरीच्या डबीला हात लावणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. जिल्हा रुग्णालयातल्या तंबाखूमुक्ती केंद्रात तुम्ही समुपदेशक आहात, एवढी ओळख पुरे. माझ्या आईची मशेरी सुटली. हे लिहितानाही मला भरून येतंय.

लग्न होऊन आई आमच्या माणदेशातल्या घरात आली, तेव्हा तिची दाढ दुखायची. आजीने मशेरीची चिमूट तिच्या तळहातावर ठेवली ती औषध म्हणूनच. पुढे तिची एकही सकाळ मशेरीशिवाय गेली नाही. वाण्याकडून सुटी तंबाखू आणायची, तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटून डबीत भरायची. आमच्याकडच्या कितीतरी घरांत हेच चालतं.

तुमच्याकडे येण्याआधी तिला जी माणसं भेटली, ती आठवली की अजून संताप होतो. एका दवाखान्यात डॉक्टरांनी भरल्या ओपीडीत तिला तोंड उघडायला लावलं आणि मोठ्याने विचारलं, "बाईमाणूस असून तंबाखू?" तिने पदर तोंडाला लावला तो घरी येईपर्यंत काढला नाही. गावात शिबिर झालं, तिथे कॅन्सरची चित्रं दाखवून सगळ्यांना घाबरवलं. पण उद्या पहाटे तलफ आली तर काय करायचं, हे कुणी सांगितलं नाही. 'रुग्णाला न सांगता व्यसन सोडवा' अशा जाहिराती असतात ना, तसली पूड एका नातेवाइकांनी आणली आणि तिच्या चहात मिसळायला लावली. पुडीवर आत काय आहे याचा एक शब्द नव्हता. आईला ते कळलं तेव्हा कितीतरी दिवस ती दुसऱ्या कुणाच्या हातचा चहा पीत नव्हती.

आणि मग तुम्ही. तुम्ही विचारलंत, "मावशी, डबी आणलीय का?" आईने कमरेची डबी काढली, आता ही कचऱ्यात जाणार असं धरून. तुम्ही ती हातात घेतलीत, झाकण उघडलंत, वास घेतलात आणि म्हणालात, "घरी भाजलेली दिसतेय. बारीक कुटलीय. किती वेळ भाजता?" आई सांगायला लागली. तव्याबद्दल, धुराने येणाऱ्या ठसक्याबद्दल, आणि मग नकळत पहाटेबद्दल, आजीबद्दल, त्या ओपीडीबद्दल. आम्हा मुलांनाही तिने हे कधी सांगितलं नव्हतं. सगळं ऐकून तुम्ही झाकण लावलंत आणि डबी तिच्या हातात परत दिलीत. "ही तुमची आहे. कधी टाकायची तो दिवस तुम्ही ठरवा, मी सोबत आहे."

ताई, माझ्यासाठी उपचार तिथे सुरू झाला. आईने दिवस ठरवला, अमावस्या टाळून.

बाकीचंही तुम्ही तिला कळेल असं सांगितलंत. मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, ही तिची खरी अडचण होती आणि लाजेपोटी ती कुणाला सांगत नव्हती. निकोटिन बंद झालं की काही दिवस पोट जड राहतं, चिडचिड होते, झोप मोडते, पण ते ओसरतं, हे तुम्ही आधीच बजावलं होतंत. म्हणून ती घाबरली नाही. निकोटिनच्या च्युइंगमला तिने आधी नाक मुरडलं, "म्हणजे परत तंबाखूच की!" तुम्ही समजावलंत की यात मोजकं निकोटिन असतं, तलफ भागवण्यापुरतं. कॅन्सर करणारं तंबाखूतलं बाकीचं विष यात नसतं, आणि हेही पुढे हळूहळू कमी करत बंद करायचं असतं. सावकाश चावायचं, जीभ चुणचुणली की गालात धरायचं, चुणचुण गेली की पुन्हा चावायचं. चहाच्या घोटाबरोबर मुळीच नाही, आधी पंधरा मिनिटं काही खायचं-प्यायचं नाही. सकाळचा चहा पुढे ढकलणं तिला च्युइंगमपेक्षा अवघड गेलं! नुसतं च्युइंगम दिलं असतं तर ते फडताळात पडून राहिलं असतं, याची मला खात्री आहे. औषधाने तलफेचा जोर कमी झाला, आणि तुमच्या बोलण्याने ती त्या औषधापर्यंत पोचली.

एक गोष्ट मात्र सलते. तंबाखूच्या पाकिटांवर चित्रं असतात, १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या मोफत क्विटलाइनचा नंबरही छापलेला असतो. घरी भाजलेल्या मशेरीच्या डबीवर काय असतं? काहीच नाही. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते आणि धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के. तरी भिंतीवरच्या पोस्टरांत बहुतेक सिगारेटच दिसते. आईसारख्या बायकांना कुणी विचारतच नाही, आणि विचारलंच तर त्या ओपीडीतल्यासारखं.

तुम्ही आवाज न चढवता विचारलंत. सरकारी दवाखान्यात गर्दी असते, माणसं थकलेली असतात, हे मला कळतं. पण समोरच्याची लाज राखायला जास्तीचा वेळ लागत नाही. बाहेर रांग असताना तुम्ही ती राखलीत. तुमच्यासारख्या कितीतरी जणी कंत्राटावर राबतात. तुम्हाला कायम करा, पगार वेळेवर द्या, हे मी जिथे बोलता येईल तिथे बोलणार आहे.

आई आता शेजारच्या दोघींच्या मागे लागली आहे. एक तयार झाली आहे, दुसरी म्हणते, "आधी त्या बाई ओरडत नाहीत ना ते सांग." कोणत्या वारी यायचं ते विचारायला आई स्वतःच फोन करील, दुपारी तुमचं जेवण झाल्यावर.

तुमची ऋणी,
तुमच्या मशेरीवाल्या मावशींची मुलगी