शेवळं छापलीत, काकडं राहिली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत रानभाज्यांवर पानभर मजकूर आला, फार बरं वाटलं. टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली, सगळ्यांचे फोटोही ओळखता येतील असे स्वच्छ. पण शेवळांच्या कृतीत ‘बारीक चिरून कांद्यावर परतावीत’ एवढंच आहे. त्यांची खाज मारणाऱ्या काकडांचं, म्हणजे काकड नावाच्या झाडाच्या आंबट फळांचं, नावसुद्धा नाही. ही कृती वाचून कुणी खरंच भाजी केली तर घरादाराचा घसा धरेल, म्हणून तातडीने लिहिते आहे.

मी मूळची घाटावरची. लग्न होऊन शहापूरला आले तेव्हा पहिल्या पावसात बाजारात शेवळं दिसली. जमिनीतून थेट वर आलेले जांभळट-तपकिरी कोंब, पान एकही नाही. हौसेने जुडी आणली आणि साध्या पालेभाजीसारखी फोडणीला टाकली. पहिल्या दोन घासांतच सगळ्यांच्या जिभेला आणि घशाला सुया टोचल्यासारखं झालं. सासूबाई घोटघोट कोकमाचं आगळ पाजत होत्या आणि मी रडत होते.

सुया हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. सुरण, अळू यांच्याच कुळातलं हे झाड. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, खाज त्यांची. त्यावर उतारा आंबटाचा, आणि आमच्या ठाणे-पालघरकडे तो उतारा म्हणजे काकडं. काकडाच्या झाडाची हिरवी, बोराएवढी, आंबट-तुरट फळं. शेवळं उगवतात त्याच सुमाराला ती झाडावर तयार असतात. पुढच्या आठवड्यात बाजारातल्या ठाकूर मावशींनी मला जुडीबरोबर काकडांचा वाटा दिला आणि म्हणाल्या, “काकडं नाय घेतली तं शेवळं देनार नाय.” मग तिथेच गोणपाटावर बसून त्यांनी एक शेवळ सोलून दाखवलं. वरचं आवरण उलगडलं, आतल्या दांड्यावरचा पिवळा दाणेदार भाग नखाने काढून फेकला, म्हणाल्या, हा पोटात गेला नाही पाहिजे. बाकीचं अगदी बारीक चिरायचं, तेलावर चांगलं परतायचं आणि काकडं उकडून, बिया काढून, वाटून त्यात घालायची. काकडं मिळालीच नाहीत तर चिंच चालते. मात्र चव ती नाही. सीकेपी (चांद्रसेनीय कायस्थ प्रभू) घरांतली शेवळाची कणी, म्हणजे त्यांच्याकडचा शेवळांचा खास पदार्थ, ज्यांनी खाल्ली आहे त्यांना हे सांगायला नको.

रानभाजी म्हणजे नुसती वनस्पती नव्हे, तिच्यावर करायची क्रियाही तिच्यातच आली. भारंगीचा पाला उकडून पाणी पिळून काढतात तेव्हा कडूपणा उतरतो. कडूकंद तर आदिवासी बायका चकत्या करून राख घातलेल्या पाण्यात उकळतात आणि वाहत्या पाण्यात ठेवतात, मगच तो खाण्याजोगा होतो. हे शिक्षण त्या बायकांकडे आहे आणि आपण त्यांच्याकडून दहा-वीस रुपयांना भाजी घेताना घासाघीस करतो, याचं मला वाईट वाटतं.

आता खरी काळजी. गेली काही वर्षं आमच्या बाजारात शेवळं येतात, पण सोबत काकडं नसतात. विचारलं तर उत्तर एकच, झाड तोडलं. शेवळाचा कोंब खुडला तरी कंद जमिनीत राहतो, त्याला पुढे पान फुटतं आणि पुढच्या वर्षाची सोय होते. म्हणून कंदासकट उपटू नये. काकडाचं झाड मात्र एकदा गेलं की फळाला येईपर्यंत वर्षं मोजावी लागतात. दर पावसाळ्यात इतकी वृक्षलागवड होते, त्या यादीत गुलमोहर असतो, काकड मी कधी पाहिला नाही. वनविभागाच्या आणि पंचायतींच्या रोपवाटिकांनी काकडाची रोपं करावीत, शाळांनी आवारात निदान एक लावावं. कृषी विभाग ऑगस्टच्या सुमारास रानभाजी महोत्सव भरवतो, तिथे भाजीच्या जुडीशेजारी हे रोपही विकायला ठेवता येईल.

आपल्याला विनंती एवढीच की येत्या रविवारी शेवळांची कृती दुरुस्त करून छापावी, काकडांच्या फोटोसह. आणि पुढच्या कृती बाजारात बसणाऱ्या एखाद्या मावशींना विचारून, त्यांच्या नावाने छापाव्यात.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, शहापूर (जि. ठाणे)