गोदी कोणत्या खात्याची? मंत्रिमहोदयांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्रिमहोदय,
(खातं मुद्दाम लिहिलेलं नाही. कारण पुढे येईलच.)

स. न. वि. वि.

आपण कामात असाल, त्यात सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आलाय, म्हणून खरं तर चार ओळीच लिहिणार होतो. पण डावा पाय प्लास्टरमध्ये आहे, सहा आठवडे हलू नका असं सांगितलंय, आणि घरी बसलेल्या माणसाला थोडक्यात लिहिता येत नाही.

मी नाशिकला गिरणारे रस्त्याकडच्या आपल्या प्रागैतिहासिक प्राणिसंग्रहालयात पिंजरा क्रमांक 4 वर असतो. पिंजऱ्यात गोदी असते. कागदोपत्री ती बारापासॉरस जातीची डायनासोर, मादी, वय तीन वर्षं. नाकापासून शेपटीपर्यंत 25 फूट. दिवाळीनंतर तिला ट्रेलरवर उभी करून कांद्याच्या वजनकाट्यावर नेली होती, तेव्हा 1,140 किलो भरली. काटेवाल्याने पावतीवर 'माल' या रकान्यात 'उन्हाळ कांदा' लिहिलं, कारण त्याच्याकडे दुसरा शिक्का नव्हता. ही पावती आजही संग्रहालयाच्या फायलीत आहे आणि त्या फाईलमधला तो एकच खरा आकडा आहे.

आपण तिला विसरला असाल म्हणून आठवण करून देतो. उद्घाटनाला आपण आला होता. गोदी तेव्हा म्हशीच्या वासराएवढी होती. आपण तिला अरोकॅरियाची, म्हणजे त्या ख्रिसमस ट्रीसारख्या झाडाची, डहाळी भरवलीत, फोटो झाले, आणि माईकवर म्हणालात, 'गोदामाईने आपलं लेकरू परत दिलंय. पुढच्या हिवाळ्याच्या आत या लेकराला उबदार शेड मिळेल, हा माझा शब्द आहे.' टाळ्या मीही वाजवल्या.

लेकराचं थोडं दुरुस्त करून घ्या, माहितीफलक रोज मीच पुसतो म्हणून पाठ झालाय. बारापासॉरसची हाडं प्राणहिता आणि गोदावरीच्या खोऱ्यात सापडली हे खरं, पण ती खाली तेलंगणात, पोचमपल्लीजवळ. 1958 पासून पुढे तीन-चार वर्षांत तीनशेच्या वर हाडं निघाली, निदान सहा जनावरांची. एकट्या मांडीचं हाड 1.7 मीटर. बंगालीत मोठा म्हणजे 'बडो' आणि पाय म्हणजे 'पा', त्यावरून बारापा. 1961 हे रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचं वर्ष, म्हणून शेवटी 'टागोरी' जोडलं आणि 1975 साली नाव पक्कं झालं. सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. हा प्राणी हिंडत होता सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वी. आपल्या पायाखालचा काळा पाषाण आला 6.6 कोटी वर्षांपूर्वी, ब्रह्मगिरी त्या पाषाणाचा, आणि गोदामाई त्या ब्रह्मगिरीवर उगवते. म्हणजे लेकरू आईच्या कितीतरी आधीचं. भाषण लिहून देणाऱ्याला कळवा.

आणखी एक. एवढी हाडं मिळाली, पण कवटी मिळाली नाही. दातच काय ते सापडले. डोकं सोडून सगळं मिळालं आणि तरी काम पुढे गेलं, ही सरकारी पद्धत तेव्हापासूनची दिसते.

तर शेड. तीन हिवाळे झाले. पहिल्या हिवाळ्यात निविदा निघाली. दुसऱ्यात खांब आले. ते अजून आडवे पडलेत, त्यांच्यावर आम्ही डबे खायला बसतो. आता सांगतात, हीटर चालवायला वेगळा ट्रान्सफॉर्मर लागेल, त्याचं पत्र गेलंय, आणि बाकीचं सिंहस्थानंतर बघू. सिंहस्थातल्या साधूंसाठी साधुग्रामात शेड होणार असतील तर गोदीला अंगभर राख फासून तिथे उभी करू का? ती शांत आहे, कुणाला काही म्हणत नाही, स्नानाला मागे हटायची नाही.

जनावरांचे डॉक्टर मला समजेल असं सांगतात: मोठ्या धुडाची ऊब लवकर जात नाही, पिल्लाची जाते. निफाडकडे पारा पाचाच्या खाली गेला की द्राक्षवाले पहाटे बागांमधून शेकोट्या पेटवतात, धूर धरून ठेवतात, मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून. हे सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. द्राक्षाला थंडी वाजते हे सरकारला पटतं, पंचनामेही होतात. गोदीला थंडी वाजते हे सिद्ध करायला मात्र आमच्याकडे तीन प्रती मागितल्या.

माझा पाय मोडला त्या रात्री आमच्या तापमापकावर 5.4 होतं. दीड वाजता गोदीने मान खाली टाकली. एरवी ती झोपतानाही मान उचलूनच असते, पडत नाही. मी गळ्याखाली हात घातला. तिथे कातडी पातळ असते, एरवी गरम भाकरीसारखी लागते. त्या रात्री ती रांजणाच्या बुडासारखी लागली. श्वास मोजला, एक झाला की दुसऱ्याची वाट बघावी लागत होती. मी तीस वर्षं तबेल्यात म्हशी काढल्यात साहेब, मरायला टेकलेलं जनावर मला कुणी दाखवावं लागत नाही.

ओळखीच्या एका बागाईतदाराला उठवलं. ऑक्टोबर छाटणीच्या काड्या त्याच्या बांधावर ढीग लावून पडलेल्या होत्या. अडीच वाजता ट्रॅक्टर आला. तिच्या दोन्ही बाजूंनी काड्या रचून पेटवल्या, वर ताडपत्री धरली, एका टोकाला तो, एका टोकाला मी आणि मधे वॉचमन. पावणेपाचला तिने मान उचलली, आगीकडे तोंड वळवलं, आणि तोंड वळलं की शेपूट उलट्या बाजूला जाते. उलट्या बाजूला मी होतो.

नडगीचं हाड दोन ठिकाणी. आवाज मला ऐकू आला. गोदीने मागे वळून पाहिलं आणि पुन्हा आगीकडे तोंड केलं. तिच्यावर माझा राग नाही, हे लिहून ठेवा.

दवाखान्यात केसपेपर काढणाऱ्याने विचारलं, 'काय चावलं?' म्हटलं, चावलं नाही, शेपूट लागली. फॉर्मवर कुत्रा, माकड, साप, इतर असे चार चौकोन. त्याने 'इतर'वर खूण केली आणि रेबीजचं इंजेक्शन लिहून दिलं. मी सांगत होतो, तो म्हणाला, 'इतर असेल तर घ्यावंच लागतं.' मी ते घेतलं, आता उरलेले डोसही घेतोय. महाराष्ट्रात डायनासोरमुळे रेबीजचं इंजेक्शन घेणारा मी पहिलाच असेन, त्याचा तरी सत्कार करा.

मग भरपाईचा अर्ज. इथून खातं सुरू होतं. पहिल्या कार्यालयाने सांगितलं, हा वन्यप्राणी नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूच्या पाहा, त्यात बारापासॉरस नाही. मी पाहिल्या. नाही. दुसऱ्या कार्यालयाने सांगितलं, हे पशुधन नाही, कानात बिल्ला नाही. कानच नाही बाहेर, बिल्ला कुठे मारू? तिसऱ्याने सांगितलं, हा जीवाश्म आहे, दगडांच्या लोकांकडे जा. दगडांच्या लोकांनी सांगितलं, जिवंत असेल तोवर आमच्याकडे येत नाही. मेली की घेऊन या, असं ते म्हणाले नाहीत, पण अर्थ तोच. वाटेत बिबट्याने धरलं असतं तर ठरलेला कागद, ठरलेला पंचनामा, ठरलेली रक्कम होती. नाशिकमध्ये राहून बिबट्या न निवडता बारापासॉरस निवडला, चूक माझी.

आणि मी तरी कोण? ठेकेदाराच्या हजेरीपटावर मी 'बहुउद्देशीय कामगार, तात्पुरता'. सकाळी चारा, दुपारी शेण, शनिवार-रविवारी तिकीट फाडणं, आणि आपण येणार असाल तर रांगोळीच्या दोऱ्या धरणं. तीन वर्षं तात्पुरता आहे. पगार चार महिन्यांचा थकलाय, पाचवा लागला. विम्याची कपात मात्र एकदाही थकली नाही. विम्याचा माणूस म्हणाला, पॉलिसीत 'हत्तीपर्यंत' लिहिलंय. घरातून शब्द येतात ते इथे लिहीत नाही. मुलीची फी सासऱ्यांनी भरली, माझ्या बावन्नाव्या वर्षी. दुसरा गुडघा आधीच गेलेला, कारण पिंजरा 4 चा उतार उलटा बांधलाय, पाणी दाराकडे येतं आणि रोज चाळीस-पन्नास बादल्या मीच वर ओढतो. लिहायला बसलो होतो गोदीसाठी, आणि माझंच सुरू झालं. पण कुठे बोलणार?

चाऱ्याचं बोलतो, तो विषय माझा आहे. गोदी चावत नाही. दात चमच्यासारखे, त्यांनी पाला ओरबाडायचा आणि सरळ गिळायचा. मोठी फांदी गेली की तिचा गोळा मानेतून खाली जाताना बाहेरून दिसतो, मी दहा मोजतो तेव्हा खांद्याशी पोचतो. दात गळतात, नवे येतात. गळलेले मी तंबाखूच्या डबीत ठेवलेत. अशा जनावराला पाहिजे नेचे, अरोकॅरिया, जुन्या जातीचा पाला. ठेक्यात काय आहे? 'हिरवे गवत व मका'. मी विचारलं, गवत कुणी सुचवलं? तर म्हणे शास्त्रीय आधार आहे. आधार खरा आहे. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा गाव आहे, तिथे डायनासोरच्या शेणाचे दगड झालेले मिळतात, त्यात गवताचे कण सापडले आणि 2005 मध्ये ते जगभर गाजलं. पण ते शेण 6.6 कोटी वर्षांच्या आसपासचं, अगदी शेवटच्या डायनासोरांचं. गोदीच्या काळात गवत नव्हतंच. तिच्यात आणि त्या गवत खाणाऱ्यात 11 कोटी वर्षांचं अंतर, त्याच्यात आणि आपल्यात त्याहून कमी. म्हणजे तो पिसदुऱ्याचा बुवा गोदीपेक्षा तुम्हाला जवळचा. तुम्ही खा गवत.

(हे वाक्य मुलगी खोडायला सांगते. राहू दे.)

बिल दिवसाला 120 किलोचं लागतं. माझ्या मोजणीने येतं 40, त्यातलं 15 ती तोंडात धरून सोडते. 365 ने गुणा, तीनने गुणा, वरती दर लावा. मी गुणलं तर पन्नास लाखांवर गेलं, मुलीने गुणलं तर वीस. वीसच धरा. वीस लाखांत शेड होते का नाही? उरलेलं पोट भरतात नर्सरीवाले. छाटलेली अरोकॅरिया आणि वाळके नेचे ते मला फुकट देतात, मी मोटारसायकलला बांधून आणतो. साधुग्रामासाठी तोडायच्या तपोवनातल्या झाडांवरून शहरात एवढं रान उठलं, तेव्हा माझ्या मनात पाप आलं होतं, सांगतो: तोडणारच असतील तर निदान पाला तरी मिळेल. जनावर उपाशी असलं की माणसाला असले विचार येतात.

पिंजरा 1 बद्दल बोलायलाच नको. राजासॉरस, मांस खाणारा डायनासोर, गुजरातेतल्या रहिओलीचा. त्याला काच, पंखे, गरम फरशी, जनरेटर. गुजरातहून आलेल्याला आधी मिळतं याची आता महाराष्ट्राला सवय आहे. पण मुद्दा तोही नाही. त्याला दात आहेत, म्हणून त्याच्यासमोर सेल्फी आहेत. पाला खाणाऱ्यासमोर कोण उभं राहतं?

फ्लेक्सवर संग्रहालय 42 कोटींचं आहे, कोनशिलेवर 38 चं, आणि माहिती अधिकारात एकाने विचारलं तर 29 चं निघालं. तिन्ही आकडे खरे असतील, तुमच्याकडे जागा आहे. पण यातल्या एकाही आकड्यात उद्घाटनानंतरचा दुसरा दिवस धरलेला नाही. नारळ फुटतो तिथपर्यंत अंदाजपत्रक. कारंजी बंद पडतात, दिवे जातात, पाट्या गंजतात, पण त्यांना थंडी वाजत नाही म्हणून चालून जातं. तुम्ही जिवंत जनावर आणलंत आणि त्याला कारंज्याच्या खर्चाच्या शीर्षाखाली टाकलंत. पूर आला की नाशिककर गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीकडे बघतो, पाणी कमरेला की छातीला. तुमच्या कारभाराला तसा मारुती कुठे आहे? कुठपर्यंत बुडालं म्हणजे पळायचं हे आम्ही कशावरून ओळखावं?

मागणं काय आहे ते विसरून जाईन म्हणून लिहितो. ट्रान्सफॉर्मर. चाऱ्याच्या ठेक्यातून गवत काढून पाला घाला. गोदीला कुठल्या तरी खात्यात घ्या, कुठल्याही, मत्स्य असलं तरी चालेल. माझा पगार सगळ्यात शेवटी, पण तोही.

आज रात्री पुन्हा सहा अंश सांगितलंय. वॉचमन एकटा आहे. काड्यांच्या दोन ट्रॉल्या संध्याकाळी येतील, डिझेल माझ्या खिशातलं, पावती सोबत जोडली आहे. कोणत्या शीर्षाखाली टाकायची ते कळवावे.

आपला,
बहुउद्देशीय कामगार (तात्पुरता),
पिंजरा क्र. 4

ता. क. : 26 जानेवारीला आपण संग्रहालयात येणार असं ऐकलं. अवश्य या, पण ढोलपथक आणू नका. गोदी दचकली की मागे सरकते, आणि मागे कोण उभं आहे ते बघत नाही.