सुन्या, एफ म्हणजे फ्रंट नव्हे

प्रिय सुन्या,

दोन वर्षं झाली तुला नीट लिहून. काकू गेल्या तेव्हा फोन केला तो शेवटचा, तोही तू रडायला लागलास आणि मला काही सुचेना म्हणून मी ‘नेटवर्क नाही’ म्हणून ठेवला. नेटवर्क होतं. ते जाऊ दे. माझी शुगर थोडी वर, गोळी चालू, गुडघा बोलतो, बाकी सगळं बरं. आज लिहितोय ते वेगळ्याच कारणानं आणि हे मी बायकोला सांगू शकत नाही, विक्याला तर अजिबातच नाही, दादांचा प्रश्नच नाही. या जगात हे फक्त तुला कळेल, कारण अर्धा गुन्हा तुझा आहे.

जीपवरची ती पितळी प्लेट सापडली रे. म्हणजे हरवली नव्हतीच, डॅशबोर्डच्या खणाच्या झाकणावर 33 वर्षं मस्त बसलीय, पण आता ती सापडली त्या अर्थानं सापडली.

झालं असं, की माझा भाचा विक्या, त्याला आता मिशा फुटल्यात आणि अक्कलही फुटलीय असं त्याला वाटतं, तर त्यानं ठरवलं की आबांच्या जीपला व्हिंटेज पासिंग करायचं. 2021 ला केंद्रानं नियम काढलाय ना, पहिल्या रजिस्ट्रेशनपासून पन्नास वर्षं झालेली, खाजगी वापराची, मूळ रूपातली गाडी असेल तर तिला वेगळी नोंद मिळते, नंबरात ‘व्हीए’ अशी अक्षरं येतात, वीस हजार फी आणि दहा वर्षं चालते. विक्याला वाटलं नंबर मिळाला की लग्नाच्या वराती मारायच्या. मी त्याला नियम वाचून दाखवला, की धंद्याला नाही आणि रोज रस्त्यावर फिरवायलाही नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला नेण्यापुरतीच. तर म्हणतो, ‘मामा, पेट्रोल भरायला रोज जायला लागतंय की.’ डोकं आमच्याच घरातलं.

आता गाडी मूळ रूपातली म्हणायची, तर तिच्यात मॅटाडोरचं डिझेल इंजिन. आठवतंय ना, आबांनी 1981 ला पेट्रोल परवडेना म्हणून बसवलं आणि तू आणि मी धूर बघून टाळ्या वाजवल्या होत्या. म्हणून विक्यानं कुठूनतरी पुण्याच्या एका रिटायर्ड मेजरसाहेबांना गाठलं, जुन्या जीपा म्हणजे त्यांचा जीव की प्राण. ते मागच्या रविवारी आले. सत्तरीचा माणूस, पँट इस्त्रीची, आणि गाडीसमोर उभं न राहता थेट गाडीखाली. आईनं त्यांच्यासाठी केलेले पोहे गार झाले.

बाहेर आले, खण उघडला, आपली पितळी प्लेट बघितली. चष्मा वर केला, परत खाली केला. दादा शेजारीच उभे, छाती काढून. मेजरसाहेब मला हळूच म्हणाले, ‘ही प्लेट कुणी बसवली?’ सुन्या, मला घाम फुटला बघ, डिप्लोमाच्या तोंडी परीक्षेला फुटायचा तसा. मी म्हटलं जुनी आहे. ते हसले नाहीत, ही त्यांची सभ्यता.

मग दादा आत गेल्यावर त्यांनी सांगितलं. विलीज एमबी, म्हणजे विलीज कंपनीची महायुद्धातली फौजी जीप, तिचे नंबर 1,00,001 पासून सुरू होतात. पहिल्या गाडीपासूनच सहा आकडी. आणि आपण काय पंच केला होता? एमबी 47186. पाच आकडी. असा एमबी पृथ्वीवर जन्मालाच आलेला नाही. तू तो नंबर कुठून काढलास ते आठवतं का? तुझा दुसऱ्या वर्षाच्या थिअरी ऑफ मशीन्सचा सीट नंबर. ज्या नंबरावर तू नापास झालास तोच नंबर आम्ही आता पासिंगला घेऊन निघालोय.

दुसरी गंमत म्हणजे तारीख. आपण 9-8-42 टाकली. मेजर म्हणाले अमेरिकन लोक महिना आधी लिहितात, म्हणजे त्यांच्या हिशेबानं ही 8 सप्टेंबर झाली. आपण आपलं 9 ऑगस्ट, चले जाव. आणि दादांचा वाढदिवस.

इथे आलं बघ सगळं गळ्याशी.

तुला आठवतंय का, ती तारीख तुझी आयडिया होती. मी म्हणत होतो कुठलीही टाक, तू म्हणालास नाही, आबा कायम म्हणतात जीप आणि पोरगं, म्हणजे दादा, एकाच सालचं, तर तारीखपण एकच असू दे, पंचाहत्तरीला म्हातारा खुश होईल. आणि झाला ना खुश. उद्यमनगरातल्या नावाच्या पाट्या करणाऱ्याकडून पट्टी कोरून घेतली, नंबर-तारीख आपणच पंचानं मारली, मग रात्रभर मीठ-चिंच लावून ठेवली जुनी दिसावी म्हणून, आणि सकाळी आबांना सांगितलं की भंगारात सापडली, तुमच्याच गाडीची दिसतीय. आबांनी तारीख वाचली आणि खणाच्या झाकणावर डोकं टेकलं. आपण दोघं एकमेकांकडे बघायचं टाळलं. मग तू मला मिसळ खाऊ घातलीस, पैसे माझेच.

तेव्हापासून दर 9 ऑगस्टला दादा जीपला हार घालतात. आबा गेल्यावरही. आता 83 वर्षांचे आहेत, गुडघे चालत नाहीत, तरी हार हातानं घालतात. आणि येणाऱ्या जाणाऱ्याला सांगतात, ‘ही आणि मी जुळे.’

तर मेजरसाहेब म्हणाले, प्लेट सोडा, चासी बोलू दे. विलीजचा नंबर असतो डाव्या पुढच्या चासीच्या पट्टीच्या आतल्या बाजूला, बंपरच्या मागे, रिव्हेट मारलेल्या छोट्या पत्र्यावर. तिथे पत्रा नव्हता, आणि रिव्हेटची भोकंपण नव्हती. मग त्यांनी पुढचा क्रॉस मेंबर दाखवला, चासीच्या दोन पट्ट्या जोडणारा आडवा तुकडा. विलीजला तिथे गोल पाईप असतो. आपल्याकडे उलट्या यू आकाराचा पत्रा. मी त्याच्याकडे बघतच राहिलो. चाळीस वर्षं मी त्या गाडीखाली झोपलोय, ग्रीस केलंय, माझं डोकं त्याच पत्र्यावर तीनदा फुटलंय.

मग चासीच्या पट्टीच्या वरच्या अंगाला, डाव्या मडगार्डखाली, त्यांनी थिनरचा बोळा घ्यायला लावला. विक्या ग्राइंडर घेऊन आला वायर ब्रश लावून, त्याला त्यांनी असा झापला की बस. म्हणाले, पंच केलेला नंबर एकदा घासला गेला की गाडी मेली, आणि वर चासी नंबरशी छेडछाड केली म्हणून केस होईल ती वेगळी. पाच-सहा थर रंग निघाला. वर माझा हिरवा, खाली आबांचा चॉकलेटी, त्याखाली एक निळा, तो कुठनं आला ते दादांनाही माहीत नाही, आणि सगळ्यात खाली तो फौजी खाकट हिरवा. मग खडू चोळला आणि अक्षरं वर आली.

जीपीडब्ल्यू. आणि पुढे 13 नं सुरू होणारा सहा आकडी नंबर. पूर्ण लिहीत नाही, तुझ्या घरातलं पत्र तुझ्याआधी तुझा मेहुणा वाचतो.

फोर्ड आहे रे. फोर्ड. घे, लिहून दिलं.

आता हस तिकडे बडोद्यात. मला दिसतोयस तू. बिंदू चौकात 1991 ला तू खिशातनं तो बोल्ट काढला होतास, डोक्यावर ‘एफ’ असलेला, आणि म्हणाला होतास नंद्या, फोर्डवाले आपल्या बोल्टवर एफ मारायचे, ही विलीज नाही. आणि मी सगळ्या पोरांसमोर म्हणालो होतो, ‘एफ म्हणजे फ्रंट, पुढच्या बाजूचा बोल्ट आहे तो.’ सगळे हसले, तू चार दिवस बोलला नाहीस. खरं सांगू, तेव्हाही मला माहीत होतं की मागच्या बाजूच्या बोल्टांवरपण एफ आहे. पण हरायचं कसं. आणि मग प्लेटवर ‘विलीज’ मीच घालायला लावलं. म्हणजे तुझं ऐकलं असतं तर निदान खोटी प्लेट तरी खरी निघाली असती.

पण एक मुद्दा माझाही आहे, ऐक. जीपीडब्ल्यू मधला जी म्हणजे गव्हर्नमेंट, पी म्हणजे 80 इंची व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर), आणि डब्ल्यू म्हणजे विलीज. डिझाइन विलीजचंच होतं, फोर्डनं पावणेतीन लाखांहून जास्त जीपा बनवल्या त्या विलीजच्या नकाशावरून. त्यामुळे मी शंभर टक्के चुकलो नव्हतो, तीस-पस्तीस टक्के बरोबर होतो. यावर तू मला फोन करून शिव्या देशील, दे.

मेजरसाहेब म्हणाले 13 चा आकडा म्हणजे 1943 ची गाडी. म्हणजे दादांपेक्षा लहान. जुळी नाही, धाकटी बहीण.

आणि आता खरी गोष्ट ऐक, ज्यासाठी मी रात्री एक वाजता हे लिहितोय. आरसी बुक काढलं. तू बघितलंयस ते, कापडात गुंडाळलेलं. त्यात इंजिन नंबर आणि चासी नंबर दोन्हीकडे एकच आकडा आहे, अक्षरं नाहीत, नुसता आकडा. आपण कायम म्हणायचो, कारकून आळशी होता, वरचंच खाली उतरवलं. तर तसं नाही. फोर्डनं इंजिनवर आणि चासीवर एकच नंबर मारलेला असायचा. त्या कारकुनानं बिचाऱ्यानं जे होतं तेच लिहिलं होतं, आणि आपण त्याला पन्नास वर्षं शिव्या घातल्या. आकडा चासीशी जुळतोय, एक एक अंक.

मग मला आठवलं ते जुनं पेट्रोल इंजिन. डिझेल बसवल्यावर आबांनी ते गुऱ्हाळावर चरक फिरवायला लावलं होतं दोन-तीन हंगाम, नंतर गोठ्यात टाकलं. मी आणि विक्या गेलो बॅटरी घेऊन. म्हशीच्या मागे, कडब्याखाली, वर गुळाच्या काकवीचा थर अजून. 2,199 सीसी, 60 हॉर्सपॉवर, मधे उंदरांचं घर. उजव्या अंगाला ऑइल फिल्टरजवळ ब्लॉकवर सपाट जागा असते तिथे नंबर, तिथे काकवी घट्ट बसलेली. गरम पाण्यानं धुतलं. सुन्या, तोच नंबर. काकवीखाली तो 44 वर्षं जसाच्या तसा राहिला, गंज नाही की काही नाही. मी तिथे शेणात बसलो.

म्हणजे बघ, चासी खरी, इंजिन खरं, बुक खरं, कारकून खरा. आबांनी 1946 ला पुण्यात मिलिटरी डिस्पोजलच्या लिलावात घेतली हेही आता पटतंय. अख्ख्या गाडीत खोटी गोष्ट एकच, ती आपण दोघांनी बसवलेली.

मेजरसाहेब म्हणाले इंजिन बांधून परत बसवा, गाडी सोन्यासारखी आहे, फक्त प्लेट काढा, तपासणीला ती असली तर उगाच प्रश्न येतील. विक्यानं अर्जासोबत फोटो जोडलेत, त्यात पहिला फोटो कशाचा? प्लेटचा. क्लोजअप. तो म्हणतो, ‘मामा, मग चासीवर प्लेटचाच नंबर पंच करून घेऊया का?’ मी त्याच्या कानाखाली वाजवायची बाकी ठेवलीय. अर्जातला फोटो बदलता येईल, ती काळजी नाही.

काळजी दादांची. काढायची म्हणजे त्यांना कारण सांगावं लागणार. परवा मी नुसता स्क्रू ड्रायव्हर घेऊन खणाजवळ उभा होतो तर खुर्चीतनं ओरडले, ‘त्याला हात लावू नको, वडलांनी लावलीय ती.’ वडलांनी. आपण लावली आणि त्यांच्या डोक्यात ती आबांनी लावलीय. खोटं बोलून सापडायची भीती नाही रे मला, ते 83 व्या वर्षी मला काय मारणार. पण जुळं म्हणत म्हणत त्यांनी जी माया केलीय त्या लोखंडावर, तिचं काय करू? सांगू की 1943 आहे? की प्लेट तपासणीपुरती काढून परत लावू? बायको म्हणेल सांग. आबा असते तर म्हणाले असते मुकाट्यानं बसा गाढवांनो.

तुझी पिंकी एम.एस्सी. झाली हे वहिनींच्या स्टेटसवर कळलं, अभिनंदन सांग तिला, काकाचं लक्ष आहे म्हणावं. तुझी व्हीआरएस झाली का? झाली असेल तर आता कारण सांगू नकोस. कंबरेचं काय म्हणतो डॉक्टर?

दिवाळीत ये. इंजिन बांधायला दोन माणसं लागतात आणि विक्याला पाना धरता येत नाही. येताना तो एफवाला बोल्ट आण, तुझ्याकडे असणारच, मला माहितीय तू असल्या गोष्टी टाकत नाहीस. पुढच्या बंपरला एक कमीच आहे तेव्हापासून. आणि दादांना त्याआधी फोन कर, त्यांना तुझा आवाज आवडतो, पण प्लेटबद्दल एक शब्द नको, ते मी आणि तू समोरासमोर बसून सांगू, किंवा नाही सांगणार, ते तेव्हा बघू.

तुझा,
नंद्या

ता.क. तुझा तो विषय शेवटी सुटला का रे, थिअरी ऑफ मशीन्स?