काका, ती स्लाइड अडवून धरल्याबद्दल

प्रिय काका,

निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली, आणि मला जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं. म्हणून हे जाहीर पत्र.

परळच्या आपल्या लॅबमध्ये लिम्फोमाच्या, म्हणजे लिम्फ पेशींच्या कॅन्सरच्या, रिपोर्टवर सही डॉक्टरची असते, पण पेशींवर तपकिरी रंग चढायचा तो तुमच्या, तंत्रज्ञाच्या, हातून. ठरावीक प्रथिनाला चिकटणारी अँटिबॉडी लावायची; प्रथिन असेल तिथे रंग उठतो. सीडी२० हे प्रथिन उठलं की पेशी बी जातीच्या (अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या कुळातल्या), इथवर सोपं. लहान पेशींच्या लिम्फोमात सीडी५ही उठला, की खरी मेख: सीएलएल (क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया) की मँटल सेल लिम्फोमा, दोन्ही बी-पेशींचेच कॅन्सर? सीडी२३ सहसा सीएलएलमध्ये उठतो, मँटलमध्ये नाही. मँटलची पक्की खूण म्हणजे केंद्रकात उठणारा सायक्लिन डी१. सीएलएलमध्ये पुष्कळदा औषधाविना नुसतं लक्ष ठेवता येतं; मँटलमध्ये तेवढी सवड क्वचितच मिळते.

त्या पावसाळ्यात एका पेशंटच्या मानेतल्या गाठीचा ट्रे तुम्ही आणलात आणि सायक्लिनची स्लाइड मात्र हातातच ठेवलीत. "ही नाही देत, मॅडम. रक्तवाहिन्यांच्या पेशीपण कोऱ्या आहेत. उद्या परत लावतो." एवढंच. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या काही केंद्रकांवर हा रंग एरवीही दिसतो. तिथेच नाही, तर गाठ निगेटिव्ह नव्हे, स्टेनच फसलेला. तुम्ही नवा काप घेतलात, बफरचा पीएच तपासलात, प्रेशर कुकरमध्ये वेळ वाढवलीत. (हो वाचकहो, अँटिजेन, म्हणजे अँटिबॉडी ज्याला चिकटते ते प्रथिन, मोकळं करायला आम्ही खरोखरच कुकर वापरतो.) दुसऱ्या दिवशी केंद्रकं तपकिरी. मँटल सेल.

१९७५ साली केंब्रिजमध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांनी उंदराची बी-पेशी मायलोमा या कॅन्सरच्या पेशीशी जुळवली आणि एकाच साच्याची अँटिबॉडी हवी तितकी मिळू लागली. १९८४ साली त्यांना नोबेल मिळालं. गंमत बघा, बी-पेशींच्या कॅन्सरची नावं लावायला आपण बी-पेशींचीच करामत वापरतो. त्याच सीडी२०ला धरणारं रिटुक्सिमॅब १९९७पासून औषध म्हणूनही आहे. पण अँटिबॉडीची बाटली कितीही नामांकित असली, तरी ट्रेमधली टॉन्सिलची कंट्रोल स्लाइड (जिथे रंग उठायलाच हवा) आधी बघायची, पेशंटची नंतर, हे मला पुस्तकाने नाही, तुम्ही शिकवलंत.

त्या पेशंटला तुमचं नाव कधीच कळणार नाही. रिपोर्टवर तंत्रज्ञाच्या नावाला रकानाच नसतो. असायला हवा, असं मी वर कळवलं आहे. उत्तर आलं की फोन करते.

तुमची,
लॅबमधली मॅडम