कुमुद म्हणजे कमळ नव्हे

महोदय,

आमच्या भागातील एका उद्यानात कुमुदाच्या (वॉटर लिलीच्या) कुंडावर ‘कमळ’ अशी पाटी लावलेली आहे, ती कृपया बदलावी. जनुकीय तुलनेनुसार प्रशांत महासागरातील न्यू कॅलेडोनिया बेटावरच्या अँबोरेला या झुडपाच्या आगेमागे सपुष्प वनस्पतींच्या वंशवृक्षाच्या मूळ खोडापासून वेगळी झालेली अतिप्राचीन शाखा कुमुदाची आहे. कमळ मात्र बऱ्याच नंतर फुटलेल्या फांदीवरचे, चक्क सिल्व्हर ओकच्या गणातले. कुमुदाचे फूल हातात घेऊन पाहावे: पाकळ्या आत आत अरुंद होत जातात आणि त्यांचे पुंकेसर कधी झाले, हे नेमके सांगता येत नाही. फुलझाडांच्या ज्या झपाट्याच्या विस्ताराला डार्विनने १८७९ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ हूकरला लिहिलेल्या पत्रात ‘तिरस्करणीय गूढ’ म्हटले, त्याच्या आरंभाचा इतका जवळचा वारसदार आपल्या तळ्यांत उमलतो. त्याला निदान त्याच्या नावाने तरी ओळखावे.

एक वाचक, पुणे