काका, भिंत खोलायला लावलीत म्हणून

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले की तुम्ही चहा गार होतोय म्हणून विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितोय. डेन्व्हरच्या आसपास घर घेऊन बेसमेंट स्वतःच करायला निघालेल्या आपल्या मंडळींच्याही कामाला येईल.

ऑक्टोबरात तुम्ही पहिल्यांदा खाली उतरलात तेव्हा मी हवेत होतो. बारा फुटांची भिंत, टू-बाय-फोर लाकडाचे दहा स्टड म्हणजे उभे दांडे, सोळा-सोळा इंचांवर, सगळे ओळंब्यात. व्हिडिओ बघून दोन वीकेंडांत उभी केलेली. खालची पट्टी काँक्रीटला, वरची जॉइस्टना, म्हणजे वरच्या मजल्याच्या तुळयांना, आणि मधले स्टड इतके घट्ट की हातोड्याने ठोकूनच जागेवर बसवावे लागले. तुम्ही भिंतीवर एक बुक्की मारलीत. ती तसूभर हलली नाही. मी शाबासकीची वाट बघत होतो आणि तुम्ही विचारलंत, "गाव कुठलं तुझं?"

"परभणीकडचं."

"काळ्या मातीत वाढलास आणि अशी भिंत बांधलीस?"

मला काही कळेना. मग तुम्ही पेंटच्या डब्यावर बसून सांगितलंत. आमच्यासारख्या घराचा भार खोल खडकापर्यंत नेलेल्या काँक्रीटच्या खांबांवर असतो, पण बेसमेंटची फरशी नुसती मातीवर ओतलेली. आणि इथली माती बेंटोनाइटची. आपल्या काळ्या मातीत जे मॉन्टमोरिलोनाइट असतं, तेच हिच्यातही. पाणी मिळालं की फुगते, वाळली की आकसते. फरशी वर आली की अशी घट्ट भिंत जॅकसारखी जॉइस्ट उचलते. मग वरच्या मजल्यावर दारं अडकायला लागतात, ड्रायवॉलला, म्हणजे भिंतीवरच्या जिप्समच्या तक्त्यांना, तडे जातात, आणि लोक तिथे पुट्टी भरत बसतात.

काका, खरं सांगतो, लाज वाटली. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडलेलं रान मी लहानपणापासून बघितलंय. आमच्या घराचं मागचं दार दर पावसाळ्यात अडायचं आणि बाबा दरवर्षी त्याला रंधा मारायचे. ते सगळं डोक्यात होतं, पण अमेरिकेतल्या फरशीखाली तीच गोष्ट असेल हे काही सुचलं नव्हतं. व्हिडिओ ज्याचे बघितले तो कुठल्या राज्यातला होता कोण जाणे. चूक त्याची नाही, त्याच्याकडची माती वेगळी.

"पाडू नको, खोल," म्हणालात आणि पुढच्या शनिवारी स्वतःची पहार घेऊन आलात. हिशोबही तुम्हीच घातलात: भिंतीखाली तीन इंच फट आणि फरशीवर दीड इंचाची एक जादा पट्टी, म्हणजे प्रत्येक स्टडमधून साडेचार इंच कमी. दहा ठोकळे निघाले. लेकीने त्यांचं घर बांधलं, तेही फरशीवर घट्ट टेकवून.

आता भिंत वरून जॉइस्टना लटकलेली आहे. फरशीला फक्त औषध मारलेल्या हिरवट लाकडाची एक पट्टी ठोकलेली, आणि तिच्यात भिंतीच्या तळपट्टीतून सहा इंची खिळे उतरवलेले. तळपट्टीतलं भोक खिळ्यापेक्षा जरा सैल. भिंत आडवी हलत नाही, पण फरशी वर आली तर खिळे मुकाट भोकातून सरकतात. ड्रायवॉलही फटीच्या वरच थांबवायचा. स्कर्टिंग एकाच पट्टीला ठोकायचं, दोन्हींना ठोकलं की केलेलं सगळं पाण्यात, हे तुम्ही तीनदा बजावलंत.

फटीत मी सवयीने पाचर घालायला गेलो, भिंत जरा हलते म्हणून. "चांगल्या कामात पाचर मारू नये," म्हणालात आणि स्वतःच हसलात. जिथे जॉइस्ट भिंतीला समांतर होते तिथे मध्ये आडवे तुकडे ठोकल्याशिवाय वरची पट्टी लावू दिली नाहीत. प्रत्येक लाकूड डोळ्याला लावून त्याचं पोट कुठल्या बाजूला आहे ते बघायचं आणि सगळी पोटं एकाच बाजूला ठेवायची, हेही तेव्हाच शिकलो. माझ्या पहिल्या भिंतीत ती कशीही होती. तिच्यावर ड्रायवॉल लावला असता तर भिंतीला लाटा दिसल्या असत्या.

इन्स्पेक्टर आला, गुडघ्यावर बसला, फटीत टेप घातली आणि सही केली. इथल्या बऱ्याच गावांत अशा लटकत्या, म्हणजे 'तरंगत्या' भिंतीशिवाय बेसमेंट पास होत नाही. म्हणजे ती भिंत मला आज ना उद्या खोलावी लागलीच असती, पण वायरिंग झाल्यावर. त्या खर्चाचा विचारही नको वाटतो.

जाताना तुम्ही कोपऱ्यातल्या स्टडवर पेन्सिलीने तारीख आणि "३ इंच" लिहून ठेवलंत. परवा मेमध्ये, बर्फ वितळून आठवडाभर पाऊस झाल्यावर, मी टेप लावली. पावणेतीन. त्याच्याखाली तारीख टाकली आणि वर जाऊन बाथरूमचं दार दोनदा लावून बघितलं. नीट लागतं.

तुमचा लांब ड्रिल बिट अजून माझ्याकडेच आहे. रविवारी आणून देतो, चहा ठेवा.

आपला,
खालच्या गल्लीतला परभणीकर